‘आडरान’ला साडेसहा

मल्लेशचा कान म्हणजे नुसता कान नव्हे, परीक्षकच तो. शिरोलीच्या एका फौंड्रीत तो पंधरा वर्षं तयार माल तपासत होता. ओतलेल्या लोखंडी भागावर हातोडीनं टक् करायचं आणि ऐकायचं. आवाज घुमला तर पास, बसका आला तर रिजेक्ट, परत भट्टीत. माल साहेबाच्या मेव्हण्याचा असला तरी याचा निकाल बदलायचा नाही. रविवारी हाच कान घेऊन तो शिवाजी पेठेतल्या घराच्या माडीवर बसायचा, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या रॉक बँडचे अल्बम ऐकायचा आणि दहापैकी गुण देऊन नेटवर टाकायचा. अकरा हजार माणसं ते गुण वाचायची. त्याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा?

खाली वडील, महालिंग आण्णा. वय अठ्ठ्याहत्तर. आई जाऊन सहा वर्षं झालेली, मल्लेशचं लग्न काही जुळलं नाही, त्यामुळे घरात दोघंच. आण्णांचा दमा जुना. दोन तुटक खोकले, एक लांब, आणि त्यामागं "शिवा, शिवा". मग काठीची टकटक, मग जिन्याखालून हाक, "मल्लू! ये मल्लू!" दिवसातून वीस वेळा. मल्लेश वैतागायचा, "आलो की वो" म्हणत उतरायचा. पण हे एक माणूस गेलं तर आपल्याला मल्लू म्हणणारं जगात कुणी उरणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची त्याला भीतीही वाटायची.

फेब्रुवारीत गारगोटीच्या ‘वाफसा’ बँडचा ‘आडरान’ हा अल्बम आला. सात गाणी. गाणारी तेजस्वी, तिचे तीन दोस्त, रेकॉर्डिंग एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात. मल्लेशची रीत ठरलेली: एकदा डोळे मिटून ऐकायचं, एकदा वही घेऊन, आणि तिसऱ्यांदा गुण द्यायला. पहिल्या ऐकण्यात गडी खूश झाला. गिटार कशी, ऊसतोडीच्या कोयत्यासारखी सपासप! दुसऱ्यांदा मात्र तिसऱ्या गाण्यात, दोन मिनिटं चौदा सेकंदांवर, मागं कुणीतरी खोकलं. दोन तुटक, एक लांब, आणि काहीतरी पुटपुटलं. चौथ्या गाण्यात ड्रमच्या आडून काठीची टकटक आली.

त्यानं हेडफोन काढला. आण्णा खाली झोपले होते, घोरणं माडीपर्यंत येत होतं. गाणं पुन्हा लावलं. त्याच सेकंदाला तोच खोकला. हट्, म्हातारी माणसं सगळी सारखीच खोकतात. गुऱ्हाळाचा राखणदार असेल. त्यानं तेजस्वीला लिहिलं, ‘दोन ठिकाणी बाहेरचा आवाज आहे. म्हणून साडेसहा. काढलात तर आठ.’

पोरं कामाची निघाली. सोमवारी खोकला काढलेली प्रत आली. काठीला थोडा वेळ लागेल म्हणाली. मल्लेशनं जुनी प्रत पुसून टाकली. रिजेक्ट माल घरात ठेवायचा नाही, ही फौंड्रीची सवय.

मंगळवारी घर शांत. "आण्णा, खोकला थांबला व्हय?"

"कसला खोकला? मला कवा खोकला हुता?"

मल्लेशनं दम्याचा पंप पुढं केला, तर आण्णांनी तो उलटसुलट करून बघितला आणि बाजूला ठेवला. औषध लागू पडलं, असं म्हणून मल्लेश हसला खरा. पण आण्णा पूजेला बसले तेव्हा त्यांच्या तोंडून ‘शिवा’ निघालं नाही. तळहातावरच्या इष्टलिंगाकडं ते नुसते बघत राहिले. मल्लेशला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

शनिवारी काठीही काढलेली दुसरी प्रत आली. रविवारी दुपारी आण्णा बाहेरून ताठ चालत घरात शिरले, कोपऱ्यातली काठी उचलली आणि म्हणाले, "ही कुणाची रं मल्लू? कोण इसरून गेलंय?"

नऊ वर्षांची काठी ती, मूठ आण्णांच्याच हातानं झिजलेली. मल्लेश तडक माडीवर गेला आणि हेडफोन चढवला. तिसरं गाणं स्वच्छ. चौथं स्वच्छ. सातव्याला त्यानं आवाज पूर्ण चढवला. गिटार विरत गेली, आणि तिच्या मागं, लांबून, हाक आली.

"मल्लू! ये मल्लू!"

त्यानं हेडफोन ओढून काढला. खाली कुणी हाक मारत नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानं तेजस्वीला फोन लावला. "काढलेले आवाज परत घाल. खोकला, काठी, सगळं."

"अवो दादा, ते पुसलं की आमी. आठ देताय न्हवं?"

"दहा देतो! पण शेवटच्या गाण्याला हात लावू नकोस. ऐकतीयस का?"

ती हसली. "ते म्हातारं हाका मारतंय, ते व्हय? तुमी लिवलं न्हाई, पण आमालाच लाज वाटली बघा. काढलं की मगाशीच. धाडलंय तुमाला, बघा."

मल्लेशनं बघितलं नाही.

तो जिना उतरला. आण्णा खुर्चीत बसले होते, स्वच्छ बंडी, केस विंचरलेले. दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

"आण्णा."

ते लगबगीनं उठले. खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

"या की पावणं, बसा." आवाज खणखणीत, कुठं बसका नाही.

"आण्णा, मी हाय."

आण्णांनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. "घ्या, पाणी घ्या. च्या केला असता, पर करणारं कोण न्हाई. एकटाच असतोय मी."

मल्लेशचा हात तांब्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. आण्णांनी जिन्याकडं मान वळवली.

"खोली बघायला आलायसा व्हय? बघा की, वर जावा. माडी मोकळीच हाय पहिल्यापासनं."