दोन जास्तीचे गुण

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी तिला पेशंट समजून अख्खा फॉर्म समजावला होता. अर्धशिशीच्या नव्या औषधाची चाचणी. कुणाला खरी गोळी मिळेल, कुणाला नुसतीच दिसायला तशी... तिनं वीस मिनिटं मन लावून ऐकलं आणि मग सांगितलं, की तुमचं बोलणं लोकांना कितपत कळतं, हे मोजायलाच मला नेमलंय. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. ती मात्र त्या वीस मिनिटांतच त्यांच्या प्रेमात पडून कामातून गेली होती.

काम तसं सरळ. सही घेण्याआधी प्रत्येकाला दहा प्रश्न विचारायचे. आठांपेक्षा कमी गुण पडले, की माणूस पुन्हा डॉक्टरांकडे. डॉक्टर तिला 'परीक्षक बाई' म्हणायचे. ती म्हणायची, निकाल तुमचाच लागतोय, माझा नाही.

मग ती गाण्याची शिक्षिका आली. देखणी, हळू बोलणारी. पहिल्यांदा सहा गुण, दुसऱ्यांदा सात. दर वेळी डॉक्टर तिला तितक्याच मायेनं समजावत बसायचे, आणि बाहेर परीक्षक बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एवढी शिकलेली बाई, आणि इतकं साधं कळू नये? मुद्दामच चुकते, असं तिच्या मनानं घेतलं.

तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, चाचणी मध्येच सोडता येते का? शिक्षिका खाली मान घालून म्हणाली, "एकदा हो म्हटल्यावर कसं सोडायचं? डॉक्टर इतके चांगले आहेत... त्यांना वाईट वाटेल."

तिला एवढंच ऐकू आलं — डॉक्टर इतके चांगले आहेत. गुण सहाच होते. तिनं आठ लिहिले. जा बाई एकदाची! शिक्षिकेनं सही केली.

दुपारी उत्तरं संगणकात भरताना ते वाक्य तिनं पुन्हा वाचलं, या वेळी शेवटपर्यंत. ही बाई लाडात येत नव्हती. तिला नाही म्हणता येत नव्हतं. आणि उद्या सकाळी पहिली गोळी.

ती उठून थेट डॉक्टरांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी शिक्षिकेला फोन करून बोलावलं. नको असेल तर आत्ता सोडा, कुणाला वाईट वाटणार नाही, असं ऐकल्यावर ती रडलीच. थोरल्या बहिणीच्या आग्रहाखातर आली होती बिचारी.

ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"पण का केलंत असं?"

"ती परत तुमच्याकडे येऊ नये म्हणून," ती म्हणाली आणि तिथून निघाली.

तिचं ते काम गेलं. तिला चौथ्या मजल्यावर जुन्या कागदपत्रांच्या विभागात पाठवलं. आठवडाभर डॉक्टरांचा पत्ता नाही. तिनं आशा सोडलीच होती, तोच एका दुपारी ते दारात उभे — जिने चढून धापा टाकत. तिच्या शेजारचा तरुण त्यांच्यासमोरूनच उठून चहाला गेला.

"तुमच्या शेजारी बसतो, तो कोण?"

"सहकारी."

"रोज इतका जवळ बसतो?"

"टेबल एकच आहे, डॉक्टर."

ते त्याच्या रिकाम्या खुर्चीपाशी आले.

"मला नाही आवडलं," ते म्हणाले... आणि त्याच खुर्चीत बसले.