सतीशिळेचं चित्र

हे माझ्या आईच्या सख्ख्या मामांनी स्वतः पाहिलंय. ते खोटं बोलणारे नव्हते.

साल १९३४. चैत्र महिना. नरडाण्याजवळचं एक गाव.

चुडामणमामा धुळ्याला देवादिकांची चित्रं काढायचे. जुन्या देवळांतली शिल्पं बघून. त्या गावचे मोठे शेतकरी पितांबर नाना यांनी त्यांना बोलावून घेतलं. नानांच्या घराण्यातली एक सून पूर्वी सती गेली होती. शिवारात तिची शिळा होती. बांगड्या भरलेला हात, वर चंद्र-सूर्य, खाली हात जोडलेली बाई. त्यावरून देवघरासाठी मोठं चित्र हवं होतं. चेहरा मात्र शांत, हसरा.

मामा शिळेसमोर बसून चित्र उतरवत होते. यशोदाबाई नावाची म्हातारी मजूर शिळेला पाणी घालायला आली. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

“भाऊ, ती सोताहून नही गयी. तिले ढकलेल शे.”

मामांनी ऐकलं... आणि चेहरा हसराच काढला.

दुसऱ्या सकाळी चित्रातलं तोंड उघडं होतं.

किंकाळी फोडताना उघडतं तसं...

कुणीतरी खोडी काढली असेल, असं मामांना वाटलं. त्यांनी ओठ पुन्हा मिटवले. चित्र ठेवलेल्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली.

सकाळी कुलूप जागच्या जागी. तोंड पुन्हा उघडं.

आणि आता तिच्या पाठीवर दोन हात होते... पुरुषाचे.

उजव्या हाताला सहा बोटं.

मामांनी नानांना बोलावलं. नाना चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात उपरण्याखाली घेतला. त्या घराण्यात सहावं बोट पिढीजात होतं.

“जाळी टाका ते,” एवढंच ते बोलले.

भर दुपारी अंगणात चित्र पेटवलं. नाना लांब, ओट्यापाशी उभे. घरची माणसं, गडी, सगळे बघत होते. वारा अजिबात नव्हता.

तेवढ्यात... नाना एक पाऊल पुढे आले.

मग अडखळत दुसरं. टाचा मातीत रोवत होते, अंग मागे टाकत होते. तरी पुढेच जात होते.

मागून कुणी रेटावं तसे...

मागे कोणीच नव्हतं.

दोन गड्यांनी त्यांना धरलं. तेही फरफटत गेले. नानांचं धोतर पेटलं, तेव्हा गड्यांना हात सोडावे लागले.

संध्याकाळी नाना गेले. अंघोळ घालताना दिसलं, छाती-पोट जळालेलं, पण पाठ कोरी. पाठीवर दोन लहान तळहात उमटलेले... आणि मनगटापाशी बांगड्यांच्या खुणा.

मामांनी पुढे कधी माणसाचा चेहरा काढला नाही. नुसत्या वेलबुट्ट्या काढायचे.

मागच्या महिन्यात नानांचा नातू आमच्याकडे आला होता. देवघरासाठी सतीचं चित्र काढून देणारा कुणी आहे का, विचारत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला.

परवा कळलं, जळगावात त्याला चित्रकार मिळाला...