टोपीवरचं बोट

मोबाइल लावायला सॉकेट शोधताय ना? लावा, लावा. पण लावता लावता माझ्या आतेभावाचं ऐका. माणूस वायरमन. त्याला नाव आहे, पण गिऱ्हाइकं 'झालंच' म्हणतात. किती वेळ लागेल? झालंच. कुठवर आलात? झालंच. घरी चहा फुंकत बसलेला असला तरी झालंच.

गेल्या थंडीतली गोष्ट. डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे साडेनऊ. दुकानाचं शटर अर्धं ओढून झालं होतं, पोटात कावळे कोकलत होते, बायको दोनदा फोनवर करवादली होती. तेवढ्यात एका बाईंचा फोन. सासूबाई सकाळी हॉस्पिटलमधून घरी येणार. त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागणार आणि ते रात्रभर चालायला हवं, मध्ये बंद पडून चालणार नाही. मागच्या खोलीत पलंगाशेजारच्या सॉकेटात करंट आहे का, तेवढं बघून जाल का दादा? नवरा हॉस्पिटलात, सकाळी धावपळीत राहून जाईल.

घर वाटेवरच होतं. तो गेला. बाईंनी खोली दाखवली, आणि रडणाऱ्या बाळाला घेऊन त्या वर निघून गेल्या.

खोलीत एक लोखंडी पलंग, कोपऱ्यात मशीनचं न उघडलेलं खोकं. पलंगावर एक म्हातारबुवा शाल पांघरून बसलेले. बाईंचे सासरे असणार, दुसरं कोण? यानं मान लववली, खाली बसला आणि खिशातून टेस्टर काढला.

टेस्टर पाहिलाय ना तुम्ही? पेनाएवढा स्क्रूड्रायव्हर, पोटात इवलासा दिवा. टोक सॉकेटच्या भोकात घालायचं आणि मागच्या टोपीवर बोट ठेवायचं. करंटचा इतकुसा अंश आपल्या अंगातून जमिनीत उतरतो, आपल्याला कळतही नाही, आणि दिवा लागतो. बोट नाही, तर दिवा नाही.

त्यानं लावला. दिवा लागला.

"झालंच," तो उठत म्हणाला. "जीव आहे सॉकेटात."

"नाही," म्हातारबुवा म्हणाले.

याला वाटलं, दिसत नसेल. परत लावला, जरा बाजूला सरून दाखवला. लाल टिपका लख्ख. म्हातारबुवा म्हणाले, तुमच्या हातात लागतो हो, त्याचं काय. माझ्या हातात लागेल तेव्हा खरं. मग यानं पिशवीतून स्वतःचा चार्जर काढला, मोबाइल लावला, मोबाइल टुणकन बोलला. हे बघा काका, चार्ज होतोय. तर म्हणे मोबाइल घोटभर पितो, मशीनला घागरभर लागेल. याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाढवापुढे वाचली गीता ती अशी! त्यात खिशातून काढलेला तो मोबाइल लागला वाजायला. बायको. तिलाही तो झालंच म्हणाला.

"द्या इकडे," म्हातारबुवांनी हात पुढे केला. "मी बघतो."

घ्या एकदाचा. यानं टेस्टर दिला. त्यांनी पलंगावरून उतरून टोक भोकात घातलं.

दिवा नाही.

"टोपीवर बोट ठेवा, काका."

"ठेवलंय."

"दाबून ठेवा."

"दाबूनच आहे."

खरंच होतं ते. बोट टोपीवर, टोक बरोबर भोकात. चिडून यानं टेस्टर ओढून घेतला, लावला. लागला. त्यांच्या हातात दिला. विझला. पुन्हा आपल्या हातात, लागला. त्यांच्या हातात, काळा. आता हा टेस्टरवर चिडला. मग वाटलं, लाकडी पाटावर नाहीतर रबरी चपलेत उभा असेल म्हातारा, मग नाही लागत कधीकधी. खाली बघितलं.

अनवाणी पाय. थंडगार फरशीवर.

याची चिडचिड तिथेच थांबली… कशी, ते त्यालाही सांगता येत नाही.

"तुम्ही वायरमन," म्हातारबुवा हळू म्हणाले. "तुम्हीच सांगा. सगळं बरोबर असून दिवा कधी लागत नाही?"

यानं पिशवी जवळ ओढली.

"उघडून बघा ते."

सॉकेट उघडायचं तर मेन स्विच बंद करायला हवा. जिन्याखालून त्यानं बाईंना तसं ओरडून सांगितलं, स्विच पाडला. घर काळंमिट्ट झालं. पळून जावंसं वाटलं होतं, असं तो सांगतो. पण पिशवी आत होती. आणि सकाळी त्या मशीनवर कुणाचा तरी श्वास चालायचा होता.

तो आत गेला. बॅटरी लावून मोबाइल भिंतीला टेकवला. स्क्रू काढले. कानाशी कुणीतरी वाकलेलं. शालीचा काठ खांद्याला लागत होता.

पण श्वास… श्वास ऐकू येत नव्हता.

प्लेट निघाली. मागे करंट आणणारी वायर ठणठणीत. टेस्टरला तेवढीच कळते. करंट परत नेणारी दुसरी वायर मात्र जळून कोळसा. एका तारेवर लोंबत होती. मोबाइलला तेवढी पुरली. मशीनला रात्र पुरली नसती.

जळकं टोक कापलं. वायर सोलली. स्क्रू आवळला. प्लेट बसवली.

"झालंच," सवयीनं तोंडातून निघालं.



मग अगदी कानाशी… "झालंच नको. झालं म्हणा."

त्यानं पुन्हा प्लेट काढली. स्क्रू पुन्हा आवळला. वायर ओढून बघितली. हलली नाही.

"…झालं."

खांद्यावरचा काठ सरकला.

मेन चालू करून पिशवी घ्यायला आला तेव्हा पलंग रिकामा होता. चादरीला एक सुरकुती नाही. बाई जिना उतरून आल्या, म्हणाल्या, कुणाशी बोलत होतात? यानं सासऱ्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, मामंजी तर दोन वर्षांपूर्वी गेले. याच खोलीत, मशीनवर होते. पहाटे बघितलं तर मशीन बंद. लाइट गेली असेल, त्यांची वेळ भरली असेल, असं आम्ही धरून चाललो. मशीन आणलं तेव्हाही वायरमन बोलावला होता, कुठला तरी. टेस्टर लावून गेला तो, करंट आहे म्हणाला.

यानं पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर लक्षात आलं, टेस्टर तिथेच राहिला. परत जायची छाती नव्हती.

दुसऱ्या रात्री जेवायला बसला तर बाईंचा फोन. सासूबाई आल्या, मशीन उत्तम चाललंय, शांत झोपल्यात. तुमचा टेस्टर त्याच प्लेटवरच्या दुसऱ्या सॉकेटात खोचलेला राहिलाय दादा. असू दे म्हटलं. फक्त तो दिवा डोळ्यांवर येतो. बंद कसा करायचा?

"कुठला दिवा?"

"टेस्टरचा. संध्याकाळपासून लागलाय."

याच्या हातातला घास तसाच राहिला.

"वहिनी… कुणी हात लावलाय का त्याला? मागे, टोपीवर?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "दारातून दिसतोय ना मला. कुणीच नाहीये तिथे."