धनंजयचं अर्धं वाक्य

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आडवा होता. सावंगीच्या मैदानावर, उजाडता उजाडता… तोंड उघडं, छाती भराभर वरखाली. मी तिथल्याच दवाखान्यात फिजिओथेरपीची इंटर्न. सकाळी सकाळी पेशंट मिळाला म्हणून जवळ गेले. चालतच गेले, मी धावत नाही.

"उठा. पळून झाल्यावर असं एकदम आडवं व्हायचं नसतं, चालत राहायचं."

"मॅडम… मले दमा तर… नाई ना झाला?"

नाव धनंजय. पोलीस भरतीची तयारी, वयोमर्यादेचं हे शेवटचं वर्ष. "थांबलो तरी श्वास काऊन थांबत नाई?" त्यानं विचारलं.

मी समजावलं. पळताना स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो, कार्बन डायऑक्साइडही जास्त तयार होतो, म्हणून छाती जोरात चालते. "आणि पंगत उठली म्हणून काम संपतं का? भांडी राहतातच ना घासायची? थांबल्यावरही छाती तेच करते."

"म्हंजे माह्या छातीत भांडे घासून राह्यले?"

"हो."

तो हसला आणि त्याला ठसका लागला. दिसायला बरा होता, एवढंच तेव्हा वाटलं.

मी एक साधा नियम सांगितला. सुरुवातीला पळता पळता एक पूर्ण वाक्य बोलता यावं, एवढाच वेग ठेवायचा. वाक्य तुटलं की वेग कमी.

"कोणतं वाक्य?"

"कोणतंही."

दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोरून जाताना तो म्हणायचा, "प्रेरणा मॅडम, भरती झाली का मी तुमाले—" आणि हात हलवत, "दम लागला!" म्हणून पुढे.

हळूहळू त्याचा श्वास सुधारला. मित्राशी क्रिकेटवर अख्खी फेरीभर बडबडायचा. माझ्यासमोर आला की वाक्य मात्र तिथंच तुटायचं. याचं वैद्यकीय कारण काही सापडेना. मी शोधत होते असं नाही… बरं, शोधत होते.

बघता बघता भरतीचं ग्राउंड, म्हणजे धावण्याची चाचणी, उद्यावर आलं, आणि माझी इंटर्नशिपही संपली. संध्याकाळी मी कारंजाला घरी परतणार होते. आज नाही तर ते वाक्य कायमचं अर्धं राहणार होतं, आणि मला ते ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं.

"आज पूर्ण बोला," मी म्हटलं. "उभं राहून."

तो उभा राहिला. "प्रेरणा मॅडम, भरती झाली का मी तुमाले—" छाती वरखाली.

"न पळताच दम लागला?"

"तुमी तर कधी पळल्याच नाई! पळून पाहा न एकडाव. पाहू तुमचं वाक्य पुरं होते का."

आता हा माझ्या शिक्षणाचा प्रश्न होता. ओढणी कमरेला बांधली आणि पळाले. अर्ध्या फेरीतच घसा कोरडा, बरगडीखाली कळ. तो बाजूनं आरामात.

"बोला न मॅडम!"

"मले… बी… तू…" अहोजाहो केव्हाच मागे पडलं होतं, तोंडात घरची बोली आली होती. "मले बी तू—" पुढचं आलंच नाही. गुडघ्यांवर हात टेकून मी वाकले.

"थांबू नको. चालत राह्य." त्यानं माझा हात धरला आणि मला चालवलं. मग शांतपणे, एका दमात म्हणाला, "प्रेरणा, भरती झाली का मी बाबाले घेऊन तुह्या घरी मागणी घालाले येतो, आन नाई झाली तरी येतो."

सांगायचं पुष्कळ होतं. दम एकाच शब्दापुरता उरला होता.

"येजो," मी म्हणाले.