पाचव्या मजल्याचा फ्यूज

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. मी शपथ घेत बसणार नाही. त्या दिवशी मरणार होता तो माझा सख्खा भाऊ.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. यांगोन शहर, सांचांग भागातली एक अरुंद गल्ली. एप्रिलची भर दुपार. हो, दुपारच. भुतं रात्रीचीच असतात असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मी आणि माझा थोरला भाऊ चॉ स्वा, दोघेही वायरमन. न्वे यी मावशींच्या पाचव्या मजल्यावरच्या घरातला जुना मीटर बदलायचा होता.

आमच्या धंद्यातला नियम: आधी मेन फ्यूज काढायचा आणि मगच वायरला हात लावायचा. काढलेला फ्यूज ज्याचा हात वायरवर, त्याच्याच खिशात. म्हणजे दुसरा कोणी तो परत बसवू शकत नाही.

पण फ्यूज सापडेना.

"मावशी, तुमचा मेन फ्यूज कुठे आहे?"

"मला काय ठाऊक! आणि हवाय कशाला? रोज दुपारी एक ते पाच लाईट नसतेच. चार तास आहेत की. का जेवण मागायचा बेत आहे?"

दादा हसला. "फ्यो, मावशींचं बरोबर आहे. मी सुरू करतो."

आमच्या गावाची हीच खोड. लाईट जायच्या वेळेवर आमचा देवापेक्षा जास्त भरवसा!

"मी खालून फ्यूज काढून आणेपर्यंत हात लावू नकोस," मी चिडून म्हणालो.

"जा रे आजीबाई!"

मी खाली उतरलो. जिन्याखाली बाकीच्या घरांचे फ्यूज ओळीने होते. पाचव्या मजल्याच्या जागी फळी ठोकलेली. खिळे गंजून लाल झालेले.

आणि फळीच्या आतून...

टक... टक... टक.

कोणीतरी नखाने वाजवावं तसं. मी हात लावला की थांबायचं. हात काढला की पुन्हा सुरू.

मी स्क्रूड्रायव्हर घालून फळी उचकटू लागलो. दोन खिळे निघाले...

तेवढ्यात वर पोरांनी आरोळी ठोकली. "लाईट आली! लाईट आली!"

पावणेदोन वाजले होते.

"दादा, हात काढ!"

मी खालूनच ओरडलो.

मी जीव खाऊन फळी ओढली. आत बोटभर धूळ. अख्खं कोळ्याचं जाळं, एक धागाही तुटलेला नाही.

आणि फ्यूजची खाच... रिकामी.

सकाळी आम्ही आलो तेव्हा तर त्याच घरात पंखा फिरत होता!

पाच मजले कसा चढलो, आठवत नाही. दादा मीटरसमोर बसलेला. दोन्ही उघड्या तारा हातात. आणि तरी दादा जिवंत.

"बोंबलतोस कशाला? फ्यूज काढून तूच तर माझ्या खिशात टाकलास."

"मी?"

"आत्ताच. मागून आलास, एक शब्द नाही बोललास. हात केवढा गार होता तुझा..."

त्याने शर्टाच्या खिशातून चिनी मातीचा जुना फ्यूज काढला. एक बाजू जळून काळी पडलेली.

फ्यूज बघताच मावशी पुटपुटल्या, "पुन्हा... त्याच जागी..."

"पुन्हा म्हणजे?"

मग हळूहळू ओकल्या. सहा वर्षांपूर्वी एक वायरमन आला होता. त्यालाही त्यांनी हेच सांगितलं होतं, चार तास लाईट येत नाही. लाईट आली. तो तिथेच, मीटरखाली मेला. जळका फ्यूज बघून भाडेकरू घाबरतील म्हणून यांनी तो आत तसाच ठेवून जिन्याखालची जागा फळी ठोकून बंद केली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आणि आम्हाला तेच सांगताना जीभ झडली नाही? माझा भाऊ मेला असता!"

"मेला नाही ना? मग ओरडतोस कशाला?"

आयुष्यात पहिल्यांदा आईच्या वयाच्या बाईवर हात उगारला. दादाने धरला.

"नाव काय होतं त्याचं?" दादाने विचारलं.

मावशींनी खांदे उडवले.

"नाव कोण विचारतं? वायरमन होता."

दुसऱ्या दिवशी आम्ही विहारात दान घेऊन गेलो. पुण्य त्या मेलेल्या वायरमनच्या नावाने वाटायचं होतं. भंतेंनी विचारलं, "कोणाच्या नावाने?"

नाव तर आम्हालाही माहीत नव्हतं.

तेव्हापासून दरवर्षी जातो. भंते दरवर्षी तेच विचारतात. आणि प्रश्न आला की दादाचा हात शर्टाच्या खिशाकडे जातो. म्हणतो, खिसा गार पडतो.