घोट्याचा दोरा

रविवारी दुपारी लख्ख उन्हात नाटकाला जायचं, त्यात भिण्यासारखं काय असणार? सुगत आपल्या थोरल्या बहिणीला, लीलाआक्काला घेऊन निघाला तेव्हा त्याच्या मनात भीती नव्हतीच. होती ती शरम. नाटक तमिळ होतं आणि तिकिटं शेजारच्या गार्गीने दिली होती. "तुमच्या बाईंनाही घेऊन या," असं वर म्हणाली होती.

आक्का संगमनेरहून सिंगापूरला पहिल्यांदाच आली होती. दुसऱ्याच दिवशी भाजीच्या पिशव्या घेऊन दोघं लिफ्टमध्ये शिरले, तर आत गार्गी. आक्काचं सुती लुगडं आणि भेगाळलेली बोटं बघून तिने सहज विचारलं, "गावाकडून आणलंत का हो कामाला? बरं केलंत." सुगतने मजल्याचं बटण दाबलं आणि म्हणाला, "हं." गार्गी पुण्याची, म्हणजे प्रश्नही मराठीतच. आक्काने घरी येऊन मुकाट्याने भाजी निवडायला घेतली. तेव्हापासून सुगतला ते 'हं' सलत होतं, पण शेजारी जाऊन 'ती माझी बहीण आहे' एवढं सांगायला जीभही रेटत नव्हती. म्हणे इंजिनियर!

नाट्यगृहात अंधार झाला. रंगमंचावर तमिळनाडूतलं एक कोरडं खेडं आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या लहान मुली. आक्काला भाषेचं अक्षर कळत नव्हतं, तरी ती पुढे सरकून बसली. तिचं बालपण असंच सुपात गेलं होतं. वडील नव्हते, आई कारखान्यात. आक्का शाळा सोडून घरी विड्या वळायची आणि त्यावरच सुगत शिकला. तो रांगता होता तेव्हा चुलीकडे जाऊ नये म्हणून ती विडीच्या दोऱ्याचा पीळ करून त्याच्या घोट्याला बांधायची आणि दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला. हात कामात असायचे, पाय भावाकडे.

रंगमंचावरची पानं कागदाची होती. तरीही सुगतला वास आला, भिजवलेल्या टेंभुर्णीच्या पानांचा आणि घसा धरणाऱ्या तंबाखूचा. मग त्याला मागच्या कोपऱ्यात एक मुलगी दिसली, प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेली. बाकीच्या मुली वळल्यासारखं करत होत्या. ही मात्र खरंच वळत होती. पान, चिमूट, वळी, दोरा... पान, चिमूट, वळी, दोरा... प्रसंग संपला, सगळ्या मुली आत गेल्या. ती तिथेच बसून राहिली.

"आक्का... ती मागे... कोण गं?"

आक्काही तिकडेच बघत होती.

तेवढ्यात सुगतच्या घोट्याला हळूच ओढ बसली. त्याने दचकून खाली हात घातला. मोजा होता, बूट होता, बाकी काही हाताला लागलं नाही. पुन्हा ओढ बसली... मूल फार लांब गेलं की ओढतात तशी. नाटक संपेपर्यंत त्याने पाय हलवला नाही.

बाहेरच्या उजेडात येऊन त्याला जरा धीर आला. आक्का हात धुवायला गेली होती. समोरून गार्गी हसत आली.

"आवडलं का नाटक? आणि तुमच्या बाईंना काही कळलं का?"

सुगतच्या तोंडात 'हं' तयारच होता. पण घोट्याला असा हिसका बसला की तो शब्द बाहेर पडलाच नाही.

"बाई नाही हो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बहीण आहे माझी. सख्खी. मोठी बहीण. त्या दिवशी लिफ्टमध्ये मी... मला लाज वाटली तुमच्यासमोर."

गार्गी गोंधळली. तिने खाली, त्याच्या गुडघ्याजवळ पाहिलं.

"मोठी?" ती म्हणाली. "ही... ही एवढीशी?"

सुगतला खाली बघवेना. तंबाखूचा वास अगदी जवळून येत होता.

पदराला हात पुसत आक्का आली. तिनेही आधी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या गुडघ्याजवळच्या त्या जागेकडे बघून ती हळू आवाजात, समजूत घातल्यासारखी म्हणाली, "सोड गं त्याला आता. मोठा साहेब झालाय तो."

सुगतच्या घोट्याचा दोरा सैल झाला नाही. उलट कुणीतरी त्याला आणखी एक पक्की गाठ मारली.