उपासाच्या दिवशी शिट्टी घालणारं घर

चंद्रावरच्या वस्तीत बाहेरून आवाज येत नाही. बाहेर हवाच नाही, तर आवाज येणार कशावर बसून? त्यामुळे कस्तुरीच्या घरात दिवसभर एकच आवाज असायचा, आणि तो तिच्या आजोबांच्या रक्ताचा होता.

आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, दंडावर बटणाएवढा संवेदक (शरीरातला बदल टिपणारं छोटं यंत्र) चिकटवलेला होता. आबांना मधुमेह होता. दर पाच मिनिटांनी तो संवेदक रक्तातली साखर मोजायचा आणि घर त्या आकड्याचा सूर करून भिंतींतून वाजवायचं. साखर ठीक असली की भिंती मांजरासारख्या गुरगुरायच्या. वाढली की सूर चढत जायचा. ही योजना ज्या समितीला सुचली, तिच्यातलं कुणीही त्या घरात राहत नव्हतं.

गुरुवारी दुपारी पावणेदोनला भिंती शिट्टी घालू लागल्या. बारीक, लांबलचक, न थांबणारी शिट्टी.

कस्तुरी धावत आली. आबा खिडकीशी बसले होते. डोळे उघडे, पण बघत काहीच नव्हते. बाहेर एका खडकाची काळीकुट्ट सावली पडली होती, ती सकाळपासून जेमतेम बोटभर सरकली होती. तिथली दुपार सात-सात दिवस चालते.

"आबा?"

"हं." उत्तर आलं, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखं.

भिंतीवरच्या पडद्यावर वस्तीच्या डॉक्टर नसीम मुजावर उमटल्या. "आबासाहेब, दोनशे नव्वद! काय खाल्लंत?"

"काही नाही हो. आज गुरुवार. उपास." आबा कसेबसे सावरून बसले.

"मागच्या सोमवारीही हेच म्हणालात. न खाता साखर वाढते कशी? मला कारण सापडेना, आणि कारण सापडेना तर नियम ठरलेला आहे. या सोमवारी संध्याकाळच्या यानानं तुम्ही पृथ्वीवर."

आबा भूशास्त्रज्ञ होते. चंद्रावर दगड अभ्यासायला आले होते आणि एकदा परत गेले की या वयात त्यांना कुणी पुन्हा पाठवणार नव्हतं. कस्तुरीचे आईबाबा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला वर्षभराच्या कामावर होते. म्हणजे घरात उरणार कस्तुरी आणि स्वयंपाकाचा रोबो. आणि मुक्या भिंती. शिट्टीपेक्षा तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिनं घराला महिनाभराचे आवाज भरभर वाजवून दाखवायला सांगितलं. गुरगुर, गुरगुर, शिट्टी. गुरगुर, शिट्टी. शिट्टीचे दिवस तिनं हातावर लिहिले. सोमवार. गुरुवार. एकादशी. चतुर्थी. एकूण एक शिट्टी उपासाच्या दिवशीची! जणू आबा जेवायचे थांबले, की दुसरंच कुणीतरी त्यांच्या आत बसून जेवत होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. रोबोचं नाव वाढपी. त्याला चार हात होते, आणि विचारलं तेवढंच सांगायची खोड होती.

"वाढपी, उपासाला आबांच्या ताटात साखर किती?"

"शून्य चमचे."

"मग ताटात असतं काय?"

"साबुदाण्याची खिचडी, दोन ताटल्या. बटाट्याचा कीस. रताळ्याच्या फोडी."

"पण आबा तर म्हणाले, काही खाल्लं नाही!"

"तसं ते खिचडी खातानाही म्हणतात. तिसऱ्यांदा वाढू का विचारलं, तर म्हणाले, 'नको रे, उपास आहे.'"

"हे डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी मला विचारलं नाही."

कस्तुरीनं कपाळावर हात मारला. तरी कोडं सुटलं नव्हतंच. साबुदाणा कुठे गोड असतो? तिनं वाढप्याकडून नुसता उकडलेला साबुदाणा मागून घेतला. ना मीठ, ना साखर. चमचाभर तोंडात टाकला आणि न गिळता चावत राहिली. वीस वेळा. चव नाही. चाळीस वेळा. नाही. मिनिटभरानं मात्र तिचं चावणं थांबलं. जिभेवर हळूहळू गोडी उतरत होती. बाहेरून कुणी काही घातलं नव्हतं. तिच्याच तोंडात बसून कुणीतरी साखर तयार करत होतं.

"वाढपी, हे कोण करतंय?"

"तुझी लाळ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळं पिष्ट (साखरेचे कण एकमेकांना जोडून झालेली लांब माळ). लाळेतलं विकर (पचनाचं काम वेगानं उरकणारा पदार्थ) ती माळ तोडतं. आतडं उरलेली तोडतं, आणि सुटे कण रक्तात जातात. धान्याच्या कोंड्यात किंवा भाजीत चोथा असतो, तो या कामात आडवा येतो. साबुदाण्यात अडवायला कुणी नाही. त्यामुळे साखर लोंढ्यानं येते."

"आणि आबांचं शरीर तो लोंढा आवरत नाही?"

"स्वादुपिंड (पोटातला एक अवयव) इन्शुलिन सोडतं. साखरेसाठी पेशींची दारं उघडणारा निरोप्या म्हण. आबांच्या पेशी त्याचं फारसं ऐकत नाहीत. दारं हळू उघडतात, लोंढा बाहेर तुंबतो."

कस्तुरी आबांपुढे जाऊन उभी राहिली. "आबा, आधी तुमचे उपास किती होते?"

"महिन्याची चतुर्थी. तुझ्या आजीला शब्द दिलाय तो. बाकीचे मधुमेह निघाल्यावर वाढवले. म्हटलं, कमी खाऊ."

"कमी? दोन ताटल्या?"

"अगं, उपासाला चालतं ते!"

"देवाला चालतं, आबा. स्वादुपिंडाला चालत नाही."

"चाळीस वर्षं दगडांची परीक्षा केली," आबा म्हणाले, "पण ताटातल्या दाण्याची नाही केली. डॉक्टरांशीही खोटं बोललो की मी. आणि खरं सांगतोय असंच वाटत होतं."

त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसल्या, मग चिडल्या. "साखरेच्या माणसानं मला न विचारता उपास वाढवायचे नाहीत. त्यात मधुमेहाच्या गोळ्या चालू, खरंच उपाशी राहिलात तर साखर एकदम घसरेल! सोमवारचा उपास मी सांगेन तसा करा, मग यानाचं ठरवू."

सोमवारी वाढप्यानं आधी काकडी-दाण्याची दह्यातली कोशिंबीर वाढली. काकडीचा चोथा, दाण्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश आधी पोटात गेले, की मागून येणाऱ्या पिष्टाची वाट सावकाश होते. खिचडी मागाहून, अर्धी वाटी, तीही दाण्याचं कूट भरपूर घातलेली. बटाटा, रताळं रद्द.

"हा उपास आहे की शिक्षा?" आबा पुटपुटले.

"दर उपासाला पाळता येईल एवढीच आहे," कस्तुरी म्हणाली. "चला, उठा."

जेवल्यावर दोघं वस्तीतली घरं जोडणाऱ्या बोगद्यातून पंधरा मिनिटं चालली. चालताना स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, निरोप्याची फार वाट बघत नाहीत. बोगदा लांब, पांढरा आणि रिकामा होता. दोघं घरी परतली तेव्हा पावणेदोन वाजले होते. भिंतींचा सूर चढला, आणखी चढला, शिट्टीच्या उंबऱ्यापर्यंत आला. तिथे थरथरत थांबला. आणि उतरू लागला.

"एकशे अडुसष्ट," डॉक्टर पडद्यावरून म्हणाल्या. "यानाच्या यादीतून नाव काढते. पण तीन महिन्यांपुरतंच."

"आता कारण सापडलं ना?" कस्तुरी म्हणाली.

"सापडलं. पण एका दिवसाच्या शहाणपणाला रक्त भुलत नाही. तांबड्या पेशी साधारण तीन-चार महिने जगतात, आणि जगतात तोवर साखर त्यांना चिकटत राहते. ती किती चिकटली हे मोजलं, की तीन महिने माणूस खरंच कसा जेवला ते कळतं. तिथे 'उपास होता' म्हणून चालत नाही."

"म्हणजे रक्त काही विसरत नाही," आबा हळूच म्हणाले.

"विसरतं की," डॉक्टर म्हणाल्या. "जुन्या पेशी जातात, नव्या येतात."

संध्याकाळी यान निघालं. धूळ उडाली, उजेड झाला, आवाज मात्र कसलाच नाही. यानातली आबांची खुर्ची रिकामीच गेली. कस्तुरीनं त्यांचा हात हातात घेतला. त्यांच्या अंगात, बरगड्यांच्या आणि कण्याच्या हाडांच्या आत, अंधारात, क्षणाक्षणाला लाखो नव्या तांबड्या पेशी जन्माला येत होत्या. त्यांना खिचडीची काहीच माहिती नव्हती.